झाकणाच्या आतली तारीख

मला माझ्या धाकट्या जावेचा मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी काही बोचरं बोलले तर त्यातलं किती घ्यायचं नि किती सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. एकोणीस वर्षं वाटतोय. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, नवी आहे, कौतुक होणारच, होईल हळूहळू कमी. माझे गुडघे गेले, एका बाजूच्या दाढा गेल्या, तिचं कौतुक काही कमी झालं नाही.

दिसायला ती फार कुणी नाही. ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, जी ती घरभर शोधत हिंडते. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात जुने केसपेपर सांभाळायची तिची नोकरी. तिथे छतापर्यंत लोखंडी मांडण्या आहेत. वर कुणा डॉक्टरला एखाद्या म्हाताऱ्याचं वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन आठवलं की खाली फोन वाजतो आणि ही शिडीवर चढते. "नंबर नसलेला कागद म्हणजे हरवलेला कागद," असं ती म्हणते. सहा वर्षांपूर्वी तिने सासरच्या चार पिढ्यांचं पुस्तक करायला घेतलं, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाला नंबर मिळाला.

असलं पुस्तक चारचौघं कसं करतात? जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, चार फोटो, झालं. आमच्या चिठ्ठीबाईंना (हे नाव माझ्या दिराने, म्हणजे तिच्याच नवऱ्याने ठेवलेलं) दाखल्यांनी समाधान होत नाही. "दाखल्यात माणूस जन्मतो नि मरतो, ताई. मधे काहीच करत नाही," ती म्हणते, आणि ते मधलं शोधायला रविवारी पिशवी घेऊन बाहेर पडते.

आजेसासऱ्यांना वाचता येत होतं की नाही यावर घरात दोन पिढ्या वाद होता. हिने वाचनालयातून एक फाटकं पुस्तक शोधून काढलं. त्याच्या शेवटच्या पानावरच्या कागदावर आजेसासऱ्यांच्या सभासद नंबरापुढे सात तारखा होत्या. "सात वेळा नेलंय," ती म्हणाली. "एक तर फार आवडलं असेल, नाहीतर संपत नसेल. पण वाचत होते." एका चुलत सासूबाईंचा एक पाय आखूड होता, हे तिने बूट करणाऱ्याच्या माळ्यावरच्या लाकडी साच्यांवरून सिद्ध केलं. आमच्या कपाटाच्या ड्रॉवरच्या तळाला चिकटवलेल्या वर्तमानपत्रावरून ते कपाट कुठल्या साली घरात आलं ते काढलं, आणि माझा नवरा, ज्याला माझा वाढदिवस सांगावा लागतो, तो आल्यागेल्याला ड्रॉवर उलटा करून दाखवायला लागला. माझा तिळपापड झाला. तो ड्रॉवर तेहेतीस वर्षं मी पुसत होते.

प्रत्येक गोष्टीची ती पोस्टकार्डाएवढी जाड चिठ्ठी करते. पुढच्या बाजूला वस्तू काय, कुणाकडे आहे, कुणी कधी पाहिली आणि ती काय सांगते. मागच्या बाजूला ती काय सांगत नाही. "खरं काम मागच्या बाजूलाच असतं," असं तिने एकदा जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, जे सांगत नाही तेही लिहायला बसलीस तर जगात कागद पुरायचा नाही. सगळे हसले. तीही हसली. मी तिची एकही चिठ्ठी कधी उलटून पाहिली नाही.

आता माझं दुखणं सांगते. सासऱ्यांचं, मामंजींचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की भरायचं. पुढे काचेचं टेबल, मागे फळ्यांचा आडोसा, आडोशामागे एक खिडकी आणि खिडकीखाली कामाचं बाक. बावीस वर्षांपूर्वी ते गेले. त्याआधी अकरा महिने त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. काटा उचलायला गेले की चिमटाच काचेवर टकटक वाजायचा. सासूबाई तेव्हा नव्हत्या, आमचे हे फिरतीच्या नोकरीवर, दीर शिकायला बाहेर. एके दिवशी मामंजींनी मला डबा घेऊन आलेलं पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, जरा हे धर. तुझा हात बघू."

मी डावखुरी. लहानपणी त्यावरून मार खाल्लेला. मामंजी म्हणाले, "डावा तर डावा. कापत नाही ना?"

अकरा महिने मी आडोशामागे बसले. ते पुढे बसून घड्याळं घ्यायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, आणि आत आणून माझ्यापुढे ठेवायचे. डोळ्याला भिंग लावलं की जगात दुसरं काही उरत नाही, हे मला तिथे कळलं. स्वयंपाकघर नाही, गुडघे नाहीत, कुणी कुणाची सून नाही. आमच्या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतून सुईने महिना, साल आणि दुकानाची खूण, म्हणजे एक तिरकी रेघ, कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे जो कुणी ते घड्याळ उघडेल त्याला कळावं, आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं. मी त्या अकरा महिन्यांत कोरलेली प्रत्येक रेघ मामंजींच्या नावावर गेली. "मी असेपर्यंत कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले होते. "हात गेला म्हटलं की दुकान गेलं."

मी नाही बोलले. ते गेल्यावर महिनाभराने, सगळे एकत्र जेवत असताना, एकदाच बोलले. आमचे हे हसत सुटले. "तू? अगं, तू चावी देत असशील घड्याळांना!" दीरही हसला. तेव्हापासून मी मूग गिळून बसले. कागदावर तर कुठेच नव्हते. पाटीवर मामंजींचं नाव, पावतीवर मामंजींची सही.

आणि आता ही धाकटी येते, जिने मामंजींना पाहिलंही नाही, आणि गावभर त्यांचे पुरावे गोळा करते! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी इथे स्वयंपाकघरात जिवंत उभी आहे, आणि ही शिंप्याच्या जुन्या वह्यांतून मामंजींच्या छातीची मापं उतरवून आणते. गंमत म्हणजे मामंजींचा केसपेपर तिच्याच तळघरात पडलेला असणार. मी एकदा खवचटपणे विचारलंही. "तो दवाखान्याचा, ताई," ती म्हणाली. "घरची सून म्हणून मी तो उघडायचा नाही." असं काही बोलली की मला ती आणखीच आवडेनाशी होते.

मामंजींनी हात लावलेली घड्याळं ती तीन वर्षं शोधत होती. बरीच मिळाली, पण सगळी आधीच्या काळातली. त्या शेवटच्या अकरा महिन्यांतलं एकही नाही. कुणी विकली, कुणी फेकली. पुस्तक छापायला जायला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा एका मंगळवारी सकाळी ती धापा टाकत माझ्याकडे आली. रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ होतं. नर्स छातीवर उलटं लावतात ना, तसलं. तिच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी आठवड्यासाठी विश्वासाने दिलेलं.

मामंजींचं बाक आणि हत्यारं दुकानातून आणून माझ्या मागच्या खोलीत ठेवलेली आहेत. "ताई, हे उघडून द्याल?" तिने विचारलं.

मी ते हातात घेतलं आणि ओळखलं. याची केसासारखी बारीक स्प्रिंग गुंतली होती, आणि ती सोडवायला मला तीन दिवस लागले होते. तिसऱ्या दिवशी ते चालू झालं तेव्हा मामंजी आडोशामागे येऊन नुसते ऐकत उभे राहिले होते. माझं सगळ्यात चांगलं काम ते. बोटाच्या एका झटक्यात झाकण उघडून दिलं. ती घड्याळाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होती, हे मला जाणवलं, पण मला वाटलं हत्यार बघते आहे.

भिंगातून तिने पाच मिनिटं पाहिलं. मग फोनने फोटो काढायला गेली, पण झाकण आतून आरशासारखं, खूण केसाहून बारीक. दर वेळी फोटोत तिचाच चष्मा यायचा. "गुरुवारी दवाखान्यातल्या एकांकडून भिंगाचा कॅमेरा आणते," ती म्हणाली. तिथेच बसून तिने चिठ्ठी लिहिली, घड्याळाशेजारी बाकाच्या खणात ठेवली, आणि कामावर पळाली.

दुपारी मी खण उघडला. राहवलं नाही. चिठ्ठीच्या वर ठळक लिहिलं होतं: "मामंजी." खाली: "नर्सबाईंचं छातीवरचं घड्याळ. झाकणाच्या आत महिना, साल, दुकानाची खूण. दुकानातली शेवटची सापडलेली दुरुस्ती."

मामंजी! माझ्या तीन दिवसांवर मामंजी. हे आता छापून येणार, नंबर मिळणार, आमचे हे येईल त्याला वाचून दाखवणार, "शेवटपर्यंत काय हात होता बाबांचा!" आणि सगळे कौतुक करणार कुणाचं, तर जिने ते शोधून काढलं तिचं. आयत्या बिळावर नागोबा. माझं नाव नाही ना, मग कुणाचंच नको.

मी पॉलिशची पावडर काढली, कापडाचा बोळा केला, आणि झाकण आतून घासलं. दहा मिनिटं लागली. वाईट काम मला करताच येत नाही. कडेपासून आत, गोल गोल, एकसारखं. संपलं तेव्हा झाकणात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता आणि दुसरं काही नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्या दिवशी मी दुपारी छान झोपले.

बुधवारी सकाळी खण झाडायला म्हणून चिठ्ठी उचलली, ती हातातून निसटून फरशीवर उलटी पडली. वाकायला मला वेळ लागतो. वाकता वाकता वाचलं.

"हे काम मामंजींनी केलं असं या खुणेवरून म्हणता येत नाही. शिंप्याच्या वहीप्रमाणे याच्या दोन महिने आधी त्यांनी सगळ्या शर्टांना बटणं काढून टिचबटणं लावून घेतली. ज्याला बटण लावता येत नाही तो हे काम कसा करेल? तिरकी रेघ नेहमीच्या उलट बाजूला झुकलेली आहे. डावा हात. घरात डावखुरं माणूस एकच. भावजी सांगतात, ताईंनी एकदा हे सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. ताईंना विचारायला धीर होत नाही, त्या माझ्यावर आधीच नाराज असतात. फोटो नीट आला की सगळ्यांसमोर ठेवीन. म्हणजे कुणी हसणार नाही."

मी फरशीवरच बसले. उठवायला कुणी नव्हतं आणि उठावंसंही वाटत नव्हतं. बावीस वर्षांत एका माणसाने माझी बाजू घेतली, आणि तिचा पुरावा मी स्वतःच्या हाताने घासून चकचकीत केला. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी समजलं.

मग दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. सुई खणातच होती. हात तोच, रेघ तीच, महिना नि साल मला पाठ. पुन्हा कोरलं तर कोण ओळखणार? आणि खोटं तरी काय होतं त्यात? घडलेलंच तर लिहायचं! मी भिंग लावलं, झाकण धरलं, सुई टेकवली.

हात कापला नाही. मनातच अडलं. ती मानणार हे मला ठाऊक होतं. नवी रेघ जरा जास्त चकाकते म्हणून तिला शंका आली असती, तरी माझ्याकडे बघून तिने मानलं असतं. आणि तिच्या त्या शेकडो चिठ्ठ्यांत, बुटाच्या साच्यापासून ड्रॉवरपर्यंत, एकच खोटी निघाली असती, आणि ती माझी. बाकी कशातही केली असेल, पण खरेपणात तिने माझ्यावर अशी मात करावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मत्सर माणसाला कधी कधी सरळही ठेवतो.

दुकानाची रीत मला माहीत होती. ज्या वेळी झाकण उघडून काम केलंस त्या वेळचा महिना, साल. मी महिना, साल कोरलं, आणि रीतीबाहेर, घासलं त्या मंगळवारची तारीखही. शेजारी दुकानाची रेघ ओढली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं.

गुरुवारी ती कॅमेरा घेऊन आली. मी चहासुद्धा न विचारता झाकण तिच्यापुढे ठेवलं. तिने भिंग लावलं, काढलं, चष्मा पुसला, पुन्हा लावलं.

"ताई, खूण कुठे आहे?"

"घासून टाकली."

"कुणी?"

"तिथेच लिहिलंय की. तारखेसकट."

तिने भिंग बाकावर ठेवलं. मग इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं, "तीन वर्षं शोधत होते, ताई."

"माहीत आहे."

"का केलंत?"

"तुझी चिठ्ठी वाचली. एकच बाजू."

मग तिला रडू आलं, आणि रागही आला. तिचा राग मी कधी पाहिला नव्हता. "दुसऱ्याची वस्तू होती ती! नर्सबाईंनी माझ्या भरवशावर दिली होती!" ती ओरडली. मला, थोरलीला! आणि खरं सांगू, ते मला बरं वाटलं. एकोणीस वर्षं ती माझ्याशी इतकी गोड वागत होती की भांडायला जागाच नव्हती.

"नर्सबाईंकडे मी येते, मीच सांगते," मी म्हटलं. "पण आधी कागद घे. ते अकरा महिने कसे गेले ते सांगते. मानायचं तर मान, नाहीतर सोडून दे. आता माझ्याकडे दाखवायला काही नाही."

तिने नाक पुसलं, पेन्सिल शोधली. मी म्हटलं, "अंबाड्यात." तिने लिहून घेतलं. मधे मधे फार बारीक प्रश्न विचारत होती, खिडकी कुठल्या बाजूला, चिमटे किती, स्प्रिंग गुंतली होती ती कशामुळे. दोन वेळा तिने मला थांबवून म्हटलं, "हे तुम्ही पाहिलंत की मामंजींनी सांगितलं?" मी चिडले, पण उत्तर दिलं.

नर्सबाईंनी घड्याळ कानाला लावलं, चालतंय म्हणाल्या, आणि छातीवर लावून टाकलं. झाकणाच्या आत काही कोरलेलं होतं हे त्यांना कधी माहीतच नव्हतं.

पुस्तक छापून आलं त्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले होते. मामंजींचं पान आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं, चष्मा कपाळावर, आवाज चढवून, सभेत वाचतात तसं. वाचता वाचता आवाज खाली आला.

"शेवटचे अकरा महिने दुकानातल्या सगळ्या दुरुस्त्या थोरल्या सूनबाईंनी केल्या. पुरावा: त्यांचं स्वतःचं सांगणं. याची एकमेव सापडलेली खूण त्यांनीच रागाच्या भरात नष्ट केली, आणि हेही त्यांनीच, कुणी न विचारता, तारखेसह कोरून ठेवलं. जी व्यक्ती स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट अशी सांगते, तिचं बाकीचं सांगणं खोटं मानायला मला कारण दिसत नाही."

कुणी हसलं नाही. दीर पानाकडे बघत होता. आमच्या ह्यांनी पुस्तक मिटलं आणि मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्यापुढे धरलं.

"रोज पाच मिनिटं मागे पडतंय," ते म्हणाले. "बघतेस का जरा?"

बावीस वर्षांपूर्वी मी हेच ह्यांना तोंडाने सांगितलं होतं, तेव्हा हसू मिळालं. तिने चार ओळींत लिहिलं तर घड्याळ हातात आलं. मला तिचा पुन्हा हेवा वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. मी तिच्याकडे पाहिलं नाही. घड्याळ घेतलं, मागच्या खोलीत गेले, आणि बाकासमोरची खिडकी उघडली.